निगोराचा हुंदका

ताश्कंदच्या स्टुडिओत माइकसमोर उभ्या असलेल्या सओदतचा नुसता जळफळाट होत होता. वीस वर्षं ती उझबेक चित्रपटांची नायिका होती. आता पडद्यावर तेवीस वर्षांची निगोरा होती, आणि त्या पोरीचे उच्चार कच्चे म्हणून सओदतने तिला आपला आवाज द्यायचा होता.

"आवाज माझा, चेहरा तिचा. मग हारतुरे कुणाला?" तिने दिग्दर्शकाला विचारलं. तो ओशाळून हसला.

संवाद तिने झपाझप उरकले. मग आईच्या मृत्यूचा प्रसंग आला. हेडफोनमध्ये निगोराचा मूळ आवाज होता. आईचा रुमाल छातीशी धरून तिने एकच हुंदका दिला. सओदतच्या अंगावर काटा आला. असं रडणं तिला उभ्या जन्मात साधलं नव्हतं.

"हं आपा, आता तुमचा हुंदका," दिग्दर्शक म्हणाला.

तिने तो दिला असता, तर निगोराचा कायमचा पुसला गेला असता. सओदतने हेडफोन काढून ठेवले.

"इथे तिचाच ठेवा," ती शेवटी म्हणाली.

घरी आल्यावर मात्र आरशासमोर तिने तो हुंदका दहादा काढून पाहिला. जमेना, तेव्हा ती खरीखुरी रडली.