छत्रीवरचं नाव

राजशेखरनं बाटली हलवली आणि अंगदनं पहिली मेंढी गुडघ्यांत दाबून धरली. मेंढी गाभण होती. भिवराबाईच्या मेंढवाड्यातल्या निम्म्या मेंढ्या गाभण होत्या आणि घराचं सगळं वर्ष त्या पोटांवर चालायचं.

"जरा थांबा साहेब," शिवकन्या म्हणाली. भिवराबाईची ही लेक परभणीला कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. रविवार म्हणून घरी पिंगळीला आली होती. "हे औषध आधी कुठं वापरलंय का, तेवढं बघते."

"कुठंच नाही ताई. तुमच्या गावापासूनच सुरुवात." राजशेखर सेलूचा, जनावरांचा डॉक्टर. कंपनीनं नव्या औषधाची चाचणी घ्यायला त्याला पाठवलं होतं. "साधं जंताचं औषध हाय. नाल्यापलीकडं तर सकाळीच उरकलं. दैवशालाबाईंनी वरून चहा पाजला."

दैवशाला म्हणजे भिवराबाईची धाकटी बहीण. तिनं मेंढ्यांना औषध पाजलं म्हटल्यावर भिवराबाईच्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली होती.

शिवकन्यानं मोबाईलवर औषधाचं नाव टाकलं. काहीच आलं नाही.

"शिवे, आटप की," तिचा भाऊ अंगद करवादला. "माझे हात भरून यायलेत. मेंढी काय पुस्तक हाय का, धरून बसायला?"

शिवकन्याला भीती वाटत होती आणि भीतीहून जास्त लाज वाटत होती. चार बुकं शिकली म्हणून घरात मिरवते, असं म्हणायला माणसं टपलेलीच असतात. तिनं मान वर केली तर समोर खुंटीला नवी छत्री लटकत होती. कंपनीनं काल घरटी एक वाटली होती. फाल्गुनात छत्री! पण फुकटची म्हटल्यावर महिना कोण बघतो? छत्रीवर कंपनीचं नाव ठळक छापलेलं होतं.

ग्रंथालयात नुकतंच एक सॉफ्टवेअर आलं होतं. पैसा पुरवणाऱ्याचं नाव टाकलं, की त्याच्या पैशावर झालेल्या संशोधनाच्या नोंदी समोर येत. प्राध्यापक मंडळी त्यात अनुदान कोण देतं ते हुडकत. शिवकन्यानं ते मोबाईलवर उघडलं आणि छत्री बघून एकेक अक्षर टाकलं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं.

राजशेखरनं घड्याळ पाहिलं आणि औषधाची नळी मेंढीच्या तोंडाशी नेली. शिवकन्यानं मधे हात घातला. मेंढीचं तोंड तिच्या तळव्याखाली गच्च मिटलं.

नोंद उघडली. कुठल्याशा दूरच्या देशातली होती. तेव्हा औषधाला नाव नव्हतं, नुसता नंबर होता.

"साहेब, बाटलीवर नाव आहे त्याच्या खाली बारीक काय लिहिलंय?"

राजशेखरनं बाटली उन्हात धरून नंबर वाचला. तोच होता. शिवकन्यानं पुढचं मोठ्यानं वाचलं. "गाभण मेंढ्यांना पाजलं. बहुतेक सगळ्या गाभडल्या, पोटातली पिल्लं गेली. चाचणी मधेच बंद केली."

राजशेखरनं मोबाईल हातात घेऊन स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं. "मला हे सांगितलं नव्हतं," तो म्हणाला, आणि ते खरं वाटत होतं. अंगदनं गुडघे सैल केले तशी मेंढी उडी मारून कळपात घुसली.

"कुणाच्या हुत्या गं त्या मेंढ्या?" भिवराबाईनं विचारलं.

"ते न्हाई लिहिलं, माय."

"मग हुडक की. एवढं सापडलं, ते सापडत न्हाई व्हय?"

"ह्याच्यात पैसा देणाऱ्याच्या नावानं सापडतं. ज्याचं गेलं त्याच्या नावानं न्हाई."

भिवराबाईनं नाल्याकडं पाहिलं. मग एकदम तिच्या काहीतरी ध्यानात आलं. पदर खोचून ती मेंढवाड्याच्या दाराशी धावली आणि तिथंच थबकली.

नाल्यापलीकडं दैवशाला आपल्या गाभण मेंढ्या घेऊन पाण्यावर निघाली होती. ऊन लागतंय म्हणून तिनं डोक्यावर नवी छत्री उघडली होती. तिच्यावरचं नाव इथूनसुद्धा वाचता येत होतं.