घरच्या पुरुषाची सही

स्वातंत्र्याच्या लढाईत दोन वर्षं तिनं जंगलात बसून आपल्या माणसांचे बिनतारी संदेश पाठवले. लढाई जिंकली, राज्य आपलं झालं. तारघरात जागा निघाली तशी ती अर्ज घेऊन गेली. घरात दोन लेकी होत्या आणि पिठाचा डबा रिकामा होता.

"घरच्या पुरुषाची सही लागेल, बाई," कारकून म्हणाला. "नियम जुनाच आहे."

"नवरा लढाईत गेला. बाहेरच्या चौकाला त्याचंच नाव दिलंय तुम्ही."

"आता चौकाची सही कशी घेणार? दीर असेल की."

दीर होता. लढाईत तो परक्या सरकारचा खबऱ्या होता. भाऊ कुठं लपलाय हे त्यानंच सांगितलं होतं, आणि ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यानं चष्मा पुसला, अर्ज सावकाश वाचला, झोकात सही केली.

"वहिनी, खाली शेरा मागितलाय. बाई भरवशाची आहे, फितूर होणार नाही, असं लिहू ना?"

तिनं पदर सारखा केला.

"लिहा, भावोजी."