आठ टिंबं

माझे बाबा, पुंजाजी, आमच्या गावचे तारमास्तर. १९६३ साली ते गेले आणि तीन महिन्यांनी त्यांच्या जागेसाठी माझी चाचणी झाली. सकाळपासून मुकं झालेलं यंत्र दुपारपर्यंत बोलतं करायचं होतं.

"पोरीच्या जातीले जमन काय हे?" पोस्टमास्तर शेषराव म्हणाले.

"पुंजाजीची पोरगी आहो मी, साहेब."

मी लाइनची तार सोडवून यंत्र उघडलं, काळवंडलेली टोकं घासली, स्प्रिंग बाबांसारखी नखानं सैल केली. मग अमरावतीला हाक ठोकून पाहिली.

उत्तरादाखल आठ टिंबं वाजली. तारेच्या भाषेत आठ टिंबं म्हणजे चूक झाली, पुन्हा पाठव.

खरंच, घाईत माझा एक ठोका राहिला होता. मी पुन्हा हाक दिली, नीट. यंत्रानं सावकाश, शेवटच्या ठोक्याआधी किंचित थांबत, 'बरोबर' असं कळवलं.

शेषराव खुर्चीतून उठले. "जमलं, पोरी! जागा तुलेच. पण तिकून कोन बोलून राह्यलं? परत्येकाचा ठोका येगळा अस्ते. हा त एकट्या पुंजाजीचा होता."

अभिमानानं माझी मान ताठ झाली.

लाइनची तार मी अजून जोडलीच नव्हती.