फाटकाची कडी

मुलाचा हिशेब चोख होता: विजेची गाडी घेतली की धूर नाही, खडखड नाही, पंपावरची रांग नाही. "बाबा, पेट्रोल काय जन्माला पुरणार आहे?" बाबांनीही मान डोलावली. डोळे गेल्यापासून त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. कोपऱ्यावर जुन्या गाडीची घरघर ऐकू आली, की मुलगा पोचायच्या आत फाटक उघडायचं.

नवी गाडी आली त्या संध्याकाळी ते फाटक धरून, कान देऊन उभे होते. मुलाने बाहेरून हात घालून कडी काढली, तसे दचकले.

"कधी आलास रे?"

"आत्ताच, बाबा."

"छान! जराही आवाज नाही हिचा." त्यांनी फाटकावरचा हात काढून घेतला. "जगातलं पेट्रोल संपायला अजून वेळ आहे म्हणतात. माझं तेवढं आज संपलं."