भिंतीवरचा नान

"म्हातारी एकटी राहते आणि महिनाभर रोज चार नान नेत होती? मांजरांना जेवायला घालते की काय?" तुर्सुन-अकांनी संगणकाच्या पडद्यावर बोट आपटलं.

फरगाना शहरातल्या त्यांच्या बेकरीत संगणक आणायचा हट्ट तिथे कामाला असलेल्या सनोबरचाच. गिऱ्हाइकांना कार्डं दिली, कोण रोज काय नेतं ते दुकानादुकानातून कळू लागलं, तेवढंच पीठ मळायचं. शिळे नान उरेनासे झाले आणि अका मिशीतल्या मिशीत हसू लागले. आता एकच कार्ड वेड्यासारखं वागत होतं, आणि ते नेमकं तिच्या सासूचं, ओयींचं, रिश्तान गावच्या दुकानातलं.

"एकट्या म्हाताऱ्यांना आपण अर्ध्या भावात देतो," अका म्हणाले. "तुझीच सासू ते नान बाजारात विकायला लागली, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"ओयी तसलं काही करायच्या नाहीत."

"मग तुझं यंत्र खोटं बोलतंय. तसं असेल तर यंत्रही नको आणि तूही नको. जा, बघून ये."

यंत्राचं म्हणणं तर तिसरंच होतं. महिनाभर चार नान, त्यातला एक दुधातला गोड, आणि परवापासून पुन्हा एकच. घरात लहान मूल असावं, असं ठरवून त्याने आपणहून ओयींना बिस्किटांची सवलतही पाठवून दिली होती. सनोबरला हसू आलं. त्या घरात मूल? कुठून?

तिचा नवरा इल्होम रशियाला कामाला गेला, त्याला सहा वर्षं झाली. निघताना रिवाजाप्रमाणे त्याने नानचा एक घास खाल्ला आणि उरलेला नान ओयींनी भिंतीवर खिळ्याला टांगला. गेलेला माणूस परत येतो तेव्हाच तो नान उतरतो. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. दोन वर्षांपासून इल्होमचा फोन बंद होता. तिचे भाऊ म्हणायचे, सोड त्याचा नाद, दुसरं लग्न कर. सनोबर म्हणायची, नान आहे ना भिंतीवर? मग झालं तर.

तिने रिश्तानचं दुकान सांभाळणाऱ्या हलिमाला फोन लावला. "हलिमा-ओपा, माझ्या सासूबाईंकडे पाहुणे आले होते का हो?"

हलिमा म्हणाली, "मला काय विचारतेस? तुझ्या त्या डब्याला विचार की. सगळं कळतं म्हणे त्याला!"

"अहो, पण..."

"गिऱ्हाईक आहे गं पुढे," म्हणत तिने फोन ठेवला.

रिश्तानला पोचेपर्यंत सनोबरच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. ओयी आजारी आहेत का? भाडेकरू ठेवलेत का? फाटकात ओयी भेटल्या, पण 'आत ये' म्हणाल्या नाहीत. चहाचंसुद्धा विचारलं नाही.

"आज कशी आलीस? सण ना वार."

"सहजच. ओयी, चार नान कुणाला लागत होते?"

"चिमण्यांना."

"गोड नानसुद्धा?"

"आता म्हातारीचे घास मोजायला आलीस का गं?"

"तसं नाही, ओयी. यंत्र खोटं ठरलं तर माझी नोकरी जाईल."

ओयी मटकन पायरीवर बसल्या. रुमालाचं टोक डोळ्यांना लावून म्हणाल्या, "तुझं यंत्र खोटं नाही बोलत, पोरी. मीच बोलले."

सनोबर त्यांना ओलांडून आत शिरली. समोरच्या भिंतीवर खिळा होता. वाळून लाकूड झालेला तो नान नव्हता.

तिचा जीव असा काही हरखला की हात आपोआप केस सारखे करू लागले.

"आला?" ती ओरडलीच. "ओयी, इल्होम आला ना? अहो, मग सांगायचं नाही का! कुठंय तो?"

मागून आलेल्या ओयी दारामागच्या भिंतीकडे बघत होत्या.

तिथे तीन नवे खिळे ठोकलेले होते आणि तिन्हींना ताजे नान टांगलेले होते. पहिल्याचा एक मोठा घास खाल्लेला होता. दुसऱ्याच्या कडेला ओठांची लाली लागली होती. तिसरा दुधातला गोड होता, आणि त्याच्यावर चार इवल्या दातांची खूण होती.