पत्रकांची कोरी बाजू

देशभर पक्षाचा धुव्वा उडाला आणि वरून निरोप आला, आठवडाभरात माणसं जमली नाहीत तर शाखेला कुलूप लावा. शाखाप्रमुख ताईंनी उरलेली प्रचारपत्रकं कोऱ्या बाजूने टेबलावर मांडली आणि दारात पाटी लावली: 'तक्रार सांगा, आम्ही भांडतो.' दुपारपर्यंत रांग रस्त्यावर आली.

"मत मात्र तुम्हाला दिलं नव्हतं हं," नळाला पाणी नसल्याची तक्रार घेऊन आलेला शिंपी ओशाळून म्हणाला.

"कोणीच दिलं नव्हतं हो," ताई खुदकन हसल्या. "नळाचं सांगा."

पुढच्या आजींना पाहून त्यांचं पेन थांबलं. "आजी, नवे खासदार तुमचेच चिरंजीव ना? त्यांनाच सांगा की."

 

"निकालापासून तो माझा फोन उचलत नाही. तू तक्रार लिही, भांडायला मी येते."