डिक्टेशन

स्कॉटलंडच्या त्या खेड्यात दर्शनाच्या घरचं नेट एक दिवस असायचं आणि चार दिवस गायब. साधा फोन मात्र लागायचा. मग ती रोज मुलुंडला आईला फोन करून ऑफिसचा रिपोर्ट तोंडी सांगायची. कोर्टातून स्टेनो म्हणून रिटायर झालेली आई तो शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायची आणि टाइप करून दर्शनाच्या मेलवरून तिच्या साहेबाला पाठवायची.

आज दर्शनाचा आवाज रडवेला होता. "आई, मी मीटिंगमधून परत गायब झाले. साहेब म्हणतो, नेट सुधार, नाहीतर तुझं काम इंडियातल्या कुणाला तरी देतो."

आईने पेन्सिलीला टोक काढलं.

"देऊ दे की मेल्याला. तीन महिने इथूनच तर करतेय. हं, आजचा रिपोर्ट सांग."